अफूचा मुलूख आणि मॉर्फिनची नोंदवही

माळव्याच्या काळ्या जमिनीत अफूचे पीक पिढ्यानुपिढ्या निघत आले. पवारांच्या धार व देवास या संस्थानांतही ते होते. बोंडांना चिरा देऊन जमवलेला चीक पेट्यांत भरून मुंबईस जाई आणि तेथून जहाजाने चीनला रवाना होई. चीनशी चालणारा हा व्यापार १९१३ मध्ये संपला. पुढे १९४८ मध्ये दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली. माळव्यात परवान्याने होणारी अफूची लागवड आज मुख्यतः मंदसौर व नीमच या बाजूला आढळते. नीमच येथील सरकारी कारखान्यात अफूपासून औषधी द्रव्ये काढली जातात. त्यांतील मॉर्फिन हे कर्करोगाच्या असह्य वेदनेवरील प्रमुख औषध होय.

ज्या मुलखाने एके काळी अर्ध्या जगाला अफू पुरवली, त्याच मुलखातील रुग्णाने मॉर्फिनच्या एका गोळीवाचून रात्र कण्हत काढावी, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही. पण याचे कारण औषधाच्या टंचाईत नाही. ते भीतीत आहे.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम १९८५ साली झाला. गंभीर अपराधाला किमान १० वर्षांची सक्तमजुरी त्यात सांगितली होती. हेतू चोरट्या व्यापाराला आळा घालण्याचा होता; पण धाक बसला तो औषधविक्रेत्यांना आणि रुग्णालयांना. निरनिराळ्या परवान्यांची खटपट करण्यापेक्षा मॉर्फिन न ठेवणेच अनेकांना सोयीचे वाटले. देशातील त्याचा औषधी वापर १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोग्रॅमवर उतरला. २०१४ च्या दुरुस्तीने व २०१५ च्या नियमांनी ही वाट पुष्कळ सुलभ केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला ती ठेवण्याची मुभा मिळाली.

परंतु मान्यतापत्र भिंतीवर टांगल्याने औषध रुग्णाच्या खाटेपर्यंत जात नाही. ते नेणारे हात परिचारिकेचे आणि औषधनिर्मात्याचे असतात. ते हात नियमांविषयी अनभिज्ञ असले, तर एक तर ते थरथरतात, नाही तर सैल पडतात. म्हणून धार-देवाससारख्या जिल्ह्यांच्या रुग्णालयांत या मंडळींचे शिक्षण हाच खरा प्रश्न आहे.

हे शिक्षण फार गहन नाही. औषध कुलुपात ठेवावे, किल्ली कोणाच्या हाती आहे हे ठरलेले असावे. दिलेल्या प्रत्येक मात्रेची तारीख, वेळ, रुग्णाचे नाव, वैद्याची आज्ञा आणि उरलेली शिल्लक नोंदवहीत त्याच वेळी लिहावी. पाळी संपल्यावर आठवून लिहू नये. कुपीत १० मिलिग्रॅम औषध असून रुग्णाला ६ दिले, तर उरलेल्या ४ मिलिग्रॅमचा हिशेबही लागलाच पाहिजे; ते साक्षीदारासमक्ष नष्ट करून दोघांनी सही करावी. पाळी बदलताना दोघींनी मिळून साठा मोजावा. कुपी फुटली तर ती लपवू नये, तात्काळ लिहावी. लिहिलेली चूक सुधारता येते. लपवलेली चूक मात्र संशयाला जन्म देते.

याच्या जोडीला औषधाचे ज्ञान हवे. शरीराला औषधाची सवय होणे आणि मनाला त्याची हाव सुटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठावरचा उपाय द्यावा लागतो. रुग्णाचा श्वास मंदावला, तर वैद्याला त्वरित बोलवावे आणि नॅलॉक्सोन हाताशी असावे. एवढे ठाऊक असलेली परिचारिका औषध देताना कचरत नाही आणि बेफिकीरही राहत नाही.

ही काळजी अनाठायी नव्हे. अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात याच जातीच्या गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या. पुढे या वर्गातील द्रव्यांच्या अतिमात्रेने लाखो माणसे दगावली. आपल्याकडे अतिधाकाने वेदना वाढली, तिकडे अतिसैलपणाने मृत्यू ओढवले. या दोन टोकांमधला मार्ग नोंदवहीतून जातो.

नोंदवही म्हणजे रुग्ण आणि औषध यांच्यामधली भिंत, असे ज्यांना वाटते त्यांना ती ओझे होते. जिचा हिशेब चोख आहे, ती परिचारिका मात्र मध्यरात्री हाक आली असता निःशंक मनाने कुलूप उघडू शकते. अशा किती परिचारिका आपण तयार करतो, यावरच माळव्याच्या अफूतून निघालेले औषध माळव्यातल्या वेदनेपर्यंत पोहोचेल की नाही, हे ठरणार आहे.