दातांचे चित्र, दूरचे काम आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात महाबळेश्वर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते माध्यमिक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



आजच्या भाषणाचा विषय काहींना विचित्र वाटेल. महाबळेश्वरात बसून दातांच्या एक्स-रेवर काय बोलायचे? पण हा विषय मी निवडला नाही, तो आपल्याच मुलांनी माझ्यापुढे आणला. दहावी-बारावीची मुले मोबाईलवर जाहिराती दाखवतात आणि विचारतात, "सर, घरबसल्या डेंटल इमेजिंगचे काम मिळते म्हणतात. हे खरे का?" पालकही विचारतात. त्यांच्या विचारण्यामागचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या गावाची रोजी सीझनवर चालते. घोडेवाला असो, टॅक्सीवाला असो, चपलांचे दुकान असो की चणे-चिक्कीचे, मे महिना आणि दिवाळी यांच्यावर वर्षाचा हिशेब बसवायचा. एकदा पाऊस लागला, आणि इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, की दुकानांवर प्लास्टिकचे कागद चढतात आणि तीन-साडेतीन महिने माणूस घरात बसतो. अशा गावातल्या बापाला "घरबसल्या काम" हे शब्द गोड वाटले तर नवल नाही.

म्हणून या कामात खरे किती आणि फसवे किती, ते आज आपण शांतपणे पाहू.

प्रथम हे काम मुळात काय आहे ते समजून घेऊ. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटजेन या शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधून काढले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, ओटो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी पंचवीस मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आज तेच काम एका सेकंदाच्या अंशात होते. या किरणांचा धोका तेव्हा कुणाला माहीत नव्हता. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स वर्षानुवर्षे आपला हात किरणांत धरून काम करीत. त्यात त्यांची बोटे गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यांचा अंत झाला. आज आपल्या देशात क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, ती याच कारणाने. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले.

पुढे फिनलंडच्या पाटेरो यांनी डोक्याभोवती फिरून दोन्ही जबड्यांचे सलग चित्र घेणारी पद्धत विकसित केली. डॉक्टर "ओपीजी काढून आणा" म्हणतात ती हीच. १९८७ च्या सुमारास फ्रान्समधून फिल्मशिवाय चित्र घेणारा सेन्सर आला. १९९८ च्या सुमारास इटलीत जबड्याचे सर्व बाजूंनी चित्र घेणारे यंत्र तयार झाले. त्याला सीबीसीटी म्हणतात. यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारते आणि संगणक त्यातून हाड, दात, मुळे आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेचा मार्ग उभा-आडवा कापून दाखवतो. इम्प्लांटचा स्क्रू बसवण्यापूर्वी हाड किती उंच आहे आणि नस किती दूर आहे, हे यातून कळते.

मित्रहो, दूरच्या कामाचे रहस्य इथेच आहे. फिल्म होती तोवर चित्र ज्या गावात घेतले त्याच गावात पाहावे लागे. चित्र संगणकात गेले, आणि १९९३ पासून डायकॉम नावाची एक सर्वमान्य पद्धत रूढ झाली, तेव्हा एका यंत्राचे चित्र जगातील कोणत्याही संगणकावर उघडू लागले. साताऱ्यात घेतलेले चित्र पुण्यात वाचता येते, तसेच महाबळेश्वरातही वाचता येते.

परंतु वाचणार कोण? जाहिराती नेमके इथेच गोंधळ घालतात. दातांच्या चित्राभोवती चार प्रकारची माणसे काम करतात. त्यांना वेगवेगळे ओळखले पाहिजे.

पहिला, चित्र घेणारा. रुग्णाला यंत्रापाशी नीट उभे करणे आणि कमीत कमी किरणांत स्वच्छ चित्र मिळवणे हे त्याचे काम. ते यंत्रापाशीच होते, घरून होत नाही. यासाठी बारावी विज्ञान शाखेनंतर रेडिओग्राफीची पदविका किंवा पदवी घेता येते. या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदाही केला आहे.

दुसरा, चित्र वाचून लेखी अहवाल देणारा. हाच खरा इमेजिंग तज्ज्ञ. त्याचे काम घरून होऊ शकते आणि होतेही. पण तो आधी दंतवैद्य असावा लागतो. नीट परीक्षा, मग चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप मिळून बीडीएस, मग तीन वर्षांचे एमडीएस, आणि तेही ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी या शाखेत. म्हणजे बारावीनंतर किमान आठ वर्षे. अमेरिकेतही या शाखेला स्वतंत्र दंतविशेषज्ञतेचा दर्जा १९९९ मध्ये मिळाला. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर हे काम कुणी देत असेल तर तो एक तर तुम्हाला फसवतो आहे, नाही तर रुग्णाला. जबड्यातली काळी सावली साधी गाठ आहे की कर्करोगाची सुरुवात, हा निर्णय ज्याला शिक्षण नाही त्याच्या हाती आपण आपल्या आईचे चित्र देऊ का?

तिसरा, दात घडवणारा. पूर्वी डॉक्टर तोंडातले माप घेऊन लॅबमध्ये पाठवीत आणि डेंटल मेकॅनिक कॅप किंवा कवळी तयार करी. आता कित्येक ठिकाणी तोंडात छोटा स्कॅनर फिरवून माप थेट संगणकात घेतात. डिझायनर पडद्यावर कॅपचा आकार घडवतो आणि यंत्र ती झिरकोनियाच्या ठोकळ्यातून कापून काढते. पडद्यावरचे हे काम घरून करता येते. १९४८ च्या डेंटिस्ट्स कायद्याने दंतवैद्याबरोबर डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्याही नोंदणीची व्यवस्था केली. मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. ज्या मुलाचा हात चित्रकलेत चालतो आणि ज्याला आठ वर्षे परवडत नाहीत, त्याने या वाटेचा जरूर विचार करावा. मात्र ज्याने आधी मेणाचे दात कोरले आहेत, वरची दाढ खालच्या दाढेवर कशी बसते हे ज्याच्या बोटांना माहीत आहे, त्यालाच पडद्यावरची दाढ जमते.

चौथा, हिशेब सांभाळणारा. अमेरिकेत दातांच्या उपचारांसाठी विमा असतो आणि प्रत्येक उपचाराला ठरलेला संकेतांक असतो. उदाहरणार्थ, संपूर्ण जबड्याच्या चित्राला डी ०३३०. विमा तपासणे, दावा भरणे, अडलेल्या पैशाचा पाठपुरावा करणे ही कामे भारतातून होतात. त्यांना दंतवैद्यकाची पदवी लागत नाही. आपल्या बी.कॉम. झालेल्या मुला-मुलींना ती करता येतील. लागते ते चांगले इंग्रजी, अचूकपणा आणि रात्र जागण्याची तयारी. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात.

आता हे सारे कुठे झाले आहे का, ते पाहू. २००२ मध्ये डॉ. अर्जुन कल्याणपूर आणि डॉ. सुनीता माहेश्वरी यांनी बंगळूरला टेलीरेडिओलॉजी सोल्यूशन्स ही संस्था काढली. अमेरिकेत रात्र असते तेव्हा इथे दिवस असतो, म्हणून तिथल्या इस्पितळांतील रात्रीची चित्रे इथले डॉक्टर दिवसा वाचू लागले. केरळात मुवाट्टुपुळा हे काही महानगर नाही. तिथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या डेंटकेअर लॅबमध्ये आज काही हजार माणसे दात घडवतात. म्हणजे लहान गाव ही अडचण नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दात सरळ करणारे पारदर्शक साचे विकणारी एक अमेरिकन कंपनी १९९७ मध्ये निघाली. तिचे संगणकावरील आखणीचे काम प्रथम लाहोरला चाले. २००१ मध्ये जगाची परिस्थिती बदलली आणि ते काम मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात गेले. लाहोरच्या कामगारांची त्यात काहीच चूक नव्हती. तारेवरून आलेले काम तारेवरून जाऊही शकते. शिवाय २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक्स-रेमधील कीड दाखवून देणाऱ्या संगणक-प्रणालीला मान्यता दिली. सोपे, यांत्रिक काम उद्या संगणक करील. ज्याच्याजवळ केवळ बटणे दाबण्याची सवय आहे त्याची रोजी जाईल. ज्याच्याजवळ पक्के ज्ञान आहे तो एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावील. दूरचे काम थांबले तरी दंतवैद्य आपला दवाखाना चालवू शकतो आणि मेकॅनिक आपली लॅब.

थोडक्यात, काम दुरून करता येते, पण शिक्षण जवळ जाऊनच घ्यावे लागते. आजच्या भाषणातले एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

हे शिक्षण फार दूर नाही. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. सांगलीला भारती विद्यापीठाचे आणि वसंतदादा पाटील यांच्या नावाचे, अशी दोन आहेत. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. शासकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. खासगी महाविद्यालयाचा खर्च जड असतो हे मी लपवीत नाही. म्हणूनच नीटमध्ये चांगले गुण मिळवून शासकीय जागेसाठी झटले पाहिजे. आपल्यापैकी बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गांच्या यादीत आहेत, पण दाखले वेळेवर काढलेले नसतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून दिली आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून शैक्षणिक कर्जही मिळते. अटी नीट वाचाव्यात आणि कागद अकरावीतच तयार ठेवावेत.

विद्यार्थी मित्रहो, या क्षेत्रात आपण उपरे आहोत असे मानू नका. भारतातील पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढले. ढाक्याकडच्या खेड्यात जन्मलेला, अलीगढला शिकलेला हा तरुण अमेरिकेत जाऊन दंतवैद्य झाला आणि परत आला. कॉलेज चालवण्यासाठी पैसा कमी पडे, तेव्हा त्यांनी आइस्क्रीम-सोड्याच्या दुकानाच्या उत्पन्नातून तो उभा केला. सरबत-आइस्क्रीमवर पोट भरणाऱ्या आपल्या गावाला ही गोष्ट जवळची वाटावी. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

आता जाहिरातींविषयी. कामाआधी अनामत किंवा किटचे पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्या. चार प्रश्न विचारा. या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? अहवालावर सही कुणाची असेल? रुग्ण ज्या देशातला आहे तिथला परवाना कुणाकडे आहे? पगार कोणत्या खात्यातून आणि कोणत्या करारावर मिळणार? उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर त्या वाटेला जाऊ नका. आणखी एक, रुग्णाचे चित्र ही अमानत आहे. २०२३ च्या कायद्याने आपल्या देशातही वैयक्तिक माहितीला संरक्षण दिले आहे. मित्रांना दाखवायला किंवा समूहावर टाकायला ते चित्र आपले नसते.

पालक बंधू-भगिनींनो, शेवटी मुलींविषयी दोन शब्द. मुलगी डॉक्टर होते, तिचे लग्न होते, मूल होते आणि पदवी कपाटात जाते. हे आपल्याच समाजात घडते असे नाही, पण आपल्याकडे घडते हे खरे. अशा मुलीला दूरच्या कामाचा मोठा आधार होऊ शकतो. दिवसाचे चार तास शांत खोली, चांगला पडदा, इन्व्हर्टर आणि नेटची जोडणी मिळाली तर तिचे शिक्षण वाया जाणार नाही. पण ती घरात बसली आहे म्हणजे रिकामी आहे असे समजून हाकेसरशी तिला उठवले, तर हे काम होणार नाही. दार लावलेल्या खोलीत ती दवाखान्यातच आहे असे घरच्यांनी मानले पाहिजे.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, नेट जाते. शाळेची एक खोली इन्व्हर्टर आणि चार संगणकांसह जून ते सप्टेंबर संध्याकाळी उघडी ठेवता येईल का? तिथे आठवी-नववीच्या मुलांनी विज्ञान, गणित आणि इंग्रजी पक्के करावे, आणि शिकून झालेल्यांना कामाला जागा मिळावी. याचे फळ लगेच दिसणार नाही. आज नववीत असलेली मुलगी तज्ज्ञ होऊन पहिला अहवाल लिहील त्याला बारा वर्षे लागतील. पण पाऊस दर वर्षी येणारच आहे, आणि आजवर तो आपण बसून काढला. यापुढे त्यातले काही महिने तरी अभ्यासात जावेत, एवढेच मागणे.