पोराला बॅटरीची गाडी घेताना

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटात एका ताईनं कर्ज मागितलं, पोराच्या बॅटरीच्या गाडीसाठी. पोरगा दहावीत, शाळा 7 किलोमीटरवर आणि एसटीचा नेम नाही. त्याला आधी मोबाईलवर बघितलेली जाड टायरची डर्ट बाईक हवी होती. ती मैदानात उड्या मारायची गाडी, रस्त्यावर चालवायची नव्हेच. मग तो स्कूटरवर आला. दुकानदार म्हणाला, "लायसन नको, पासिंग नको. वर एक वायर काढून देतो, पन्नासनं पळंल."

मला त्या वायरीबद्दलच बोलायचंय.

बिनलायसनची गाडी म्हणजे मोटर 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत. तिन्ही गोष्टी पाहिजेत. वायर काढली की ती सवलत गेली. मग ती बिनपासिंगची मोटारगाडी आणि चालवणारा बिनलायसनचा पोरगा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात आईबाप किंवा गाडीमालक जबाबदार धरले जातात. 25 हजार दंड, 3 वर्षांपर्यंत कैद, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. दुकानदार तेव्हा कुठं असतो?

तेव्हा दुकानात आधी कागद मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र असतं. त्यावरचं मॉडेल आणि समोरची गाडी एकच आहे का, वाचून घ्या. वाचता येत नसेल तर लेकीला सोबत न्या. टाळाटाळ झाली तर सरळ उठून या. मग शेजारून कुणाची तरी मोटारसायकल चालवायला लावा नि तिचा काटा बघा. पोराला सीटवर बसवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ब्रेक ओल्या रस्त्यावरही दाबून बघा.

चार्जिंग दाराच्या तोंडाशी किंवा झोपायच्या खोलीत नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरायचा, आणि बॅटरी गरम असेल तर आधी गार होऊ द्यायची.

आम्ही कर्ज दिलं. आयएसआय शिक्क्याच्या हेल्मेटचे पैसे त्यातच धरले. वायर मात्र जागेवरच ठेवायला लावली. पोरगा आठवडाभर रुसला. आम्ही हिशेब केला, तर पन्नासनं गेला असता तरी वाचली असती आठ-नऊ मिनिटं. आता तो घरातून दहा मिनिटं आधी निघतो.