कामाचा वैताग आणि कुटुंबाची फटफटी
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणाला फटफटी हा विषय कितपत शोभतो, अशी शंका आपल्यापैकी काहीजणींच्या मनात आली असेल. या व्यासपीठावरून आपण आहार, बालसंगोपन, सणवार, फार तर बचत यांविषयी ऐकत आलो. पण संसार आता स्वयंपाकघराच्या चार भिंतींत मावत नाही. तो रस्त्यावर आला आहे आणि बहुतेक घरांत तो दोन चाकांवर चालतो. म्हणून कामाचा वैताग आणि कुटुंबाची फटफटी या दोन गोष्टींची सांगड मी आज घालणार आहे. फटफटी म्हणजे मोटारसायकल आणि तिची धाकटी बहीण स्कूटर, दोन्ही धरून बोलते.

ही सांगड महामारीनेच घातली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि ऑफिस उठून आपल्या घरी आले. एखादा पोटभाडेकरू भाडे न देता येऊन बसावा आणि वर चहाही मागावा, तसे ते आले. जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला गेला, निजायच्या खोलीत शाळा भरली. दुपारची भांडी आवरल्यावर घटकाभर पाठ टेकायची जी आपली हक्काची वेळ होती, ती त्या गर्दीत कुठे गेली ते कळलेसुद्धा नाही.

पुढे लसी आल्या, दारे उघडली, आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोगाची आणीबाणी संपली, कामाची मात्र संपली नाही. कंपन्यांनी माणसांना पुन्हा बोलावले, कोणी आठवड्याचे दोन दिवस, कोणी तीन, कोणी पुरते पाच. आपल्याला वाटले, आता ऑफिस ऑफिसात जाईल आणि घर घराला मिळेल. झाले निराळेच. ऑफिस घरी राहिले ते राहिलेच, शिवाय माणूसही ऑफिसला जाऊ लागला! दिवसभर वाहतुकीत होरपळून आलेला मुलगा किंवा सून जेवायला बसावी आणि फोन खणखणावा, हे आता घरोघरी चालते. ज्यांचे काम अमेरिकेशी बांधलेले आहे त्यांची तर फारच पंचाईत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात. म्हणजे आपण देवापुढे सांजवात लावावी आणि तिकडे साहेबाने दिवसाचा श्रीगणेशा करावा!

या वैतागाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. कष्टाने माणूस थकतो, आणि थकलेला माणूस झोपला की सकाळी पुन्हा ताजा होतो. वैताग हा थकव्याहून वेगळा आहे. केलेल्या कामाला शेवट नाही, त्यावर आपला ताबा नाही आणि ज्याने छळले त्याला उलट बोलायची सोय नाही, या तिन्हींतून तो उपजतो. मग वड्याचे तेल वांग्यावर निघते. साहेबावरचा राग भाजीतल्या मिठावर निघतो, आणि बाईवर निघालेला राग मुलाच्या पाठीवर. मैत्रिणींनो, हा वैताग पुरुषांचाच असतो असे नव्हे. नोकरी करणारी स्त्री तो दोन्हीकडून झेलते, आणि घरी राहणारी दुसऱ्यांचा झेलते.

आता या दुखण्यावर लोकांनी आपल्यापुरता एक उपाय शोधून काढला. रविवारी सकाळी गाडी काढायची आणि गावाबाहेर पडायचे. हे फॅड मुळीच नव्हे, त्याला कारण आहे. मे २०२० मध्ये जे जिल्हे लाल विभागात होते, तेथे दुचाकीवर मागे कोणी बसायचे नाही असा नियम होता. मुंबई-पुणे त्यांतच होती. एका ताटात जेवणाऱ्या नवराबायकोंनी एका गाडीवर मात्र बसायचे नाही, अशी ती मौज होती. पुढे बस आणि लोकलची गर्दी नकोशी वाटू लागली आणि घरच्या गाडीचे मोल वाढले. मागचे आसन पुन्हा भरले, तेव्हा ते आसन म्हणजे काय हे माणसांना उमगले असावे.

फटफटीचा गुणच असा आहे की तीवर बसून दुसरे काही करता येत नाही. हात गुंतलेले, डोळे रस्त्यावर. फोन खिशात कितीही ओरडला तरी त्याला ओरडू द्यावे लागते. पुण्याकडची मंडळी दिवेघाट चढून सासवडला जातात. खाली मस्तानीचा तलाव दिसतो. ज्या वाटेने ज्ञानेश्वरमाउलींची पालखी जाते तीच ही वाट. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, पुढे नारायणपूर आहे, समोर पुरंदरचा डोंगर उभा आहे, आणि हंगाम असेल तर अंजिरे आणि सीताफळे आहेत. पाटी घेऊन बसलेल्या बाईशी भाव करताना घरातली मुलगी आईशी चार शब्द बोलते. ते चार शब्द आठवडाभर घरात बोलले गेलेले नसतात. या सहलीचा एवढा लाभ मला पुरेसा वाटतो.

पण नाण्याची दुसरी बाजू मी न सांगितली तर स्त्रियांच्या मंडळात बोलून उपयोग काय? रविवारी सकाळी सातला गाडी निघते, ती निघावी म्हणून पाचला कोण उठते? दशम्या कोण करते, पाण्याच्या बाटल्या कोण भरते, आल्यावर धुळीचे कपडे कोण भिजवते? २०२४ साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे तीत आढळले. स्त्रीची जवळजवळ पाच तास, पुरुषाची दीड तासही नाही. तेव्हा एकाचा वैताग घालवण्यासाठी दुसरीच्या वैतागात दोन तासांची भर पडत असेल, तर तिला सहल म्हणू नये. माझी सूचना साधी आहे. त्या दिवशी घरून डबा न्यायचा नाही, आणि न्यायचाच असेल तर जो गाडी पुसतो त्यानेच चटणी-भाकरी बांधायची.

आता गाडीवरच्या बैठकीकडे वळू. पुढे वडील, टाकीवर थोरला, मध्ये धाकटी आणि मागे एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने पदर सावरीत बसलेली आई. हे चित्र आपण इतक्यांदा पाहिले आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटतच नाही. परंतु १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो की दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसावा. कायदा मुलांना अर्धे तिकीट देत नाही. म्हणजे चौघांचे कुटुंब एका गाडीवर बसूच शकत नाही. त्याला गाड्या दोन लागतात, आणि दुसरी गाडी कोणी चालवायची? भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर या सभागृहातच बसले आहे.

आपल्याला हे जमणार नाही, असे म्हणण्याचे दिवस गेले. १९५५ साली मद्रासला बुलेट बनू लागली. पुढे आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्या गाड्या लाथ मारून सुरू कराव्या लागत, गिअर हाताने किंवा पायाने टाकावे लागत, आणि लुगडे नेसून ते कठीण होते हे खरे. १९७२ साली लूना आली, १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला बटण दाबले की पुरे, गिअरची कटकट नाही. २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली. बायकांना गाडी येत नव्हती असे नाही, गाडी बायकांना धरून बनवलेली नव्हती. ती तशी बनताच शिक्षिका, परिचारिका, भाजीवाल्या, सगळ्या रस्त्यावर आल्या. आणि ज्यांना गिअरची मोठी गाडी हवी त्यांनी तीही घेतली. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून बुलेट चालवणाऱ्या मुली पाहिल्या की लुगड्याची सबबसुद्धा उरत नाही.

कायद्याने आपल्या लुगड्याची काळजी मात्र घेतलेली आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट नियम आहे. पुष्कळ तरुण मंडळी गाडी दिसायला वाईट दिसते म्हणून ती जाळी काढून टाकतात. आपल्या घरच्या गाडीला ती आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर पाहा. पदर आणि ओढणी चाकात जाऊन काय होते, याच्या हकीकती आपल्याला वर्तमानपत्रांतून माहीत आहेत.

शिरस्त्राणाविषयीही तेच. पुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसणारीच्या डोक्यावर फक्त अंबाडा, हा कोणता न्याय? २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना गेलेल्यांपैकी चौदा हजारांहून अधिक लोक गाडी चालवीत नव्हते, ते मागे बसलेले होते. हा आकडा वाचून मला झोप लागली नाही, कारण मागे कोण बसते हे मला ठाऊक आहे. हेल्मेट चार वर्षांवरील प्रत्येकास बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नवा नियम आहे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढील मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग तासाला ४० किलोमीटरच्या आत हवा. हेल्मेट घेताना त्यावर आय. एस. आय.ची खूण पाहावी. पैठणीचा पदर आपण दोनदा उलटून पाहतो, मग डोक्यावरच्या वस्तूला एकदा उलटून पाहायला काय हरकत आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचे, वैताग घेऊन गाडीवर बसायचे नाही. फटफटीने वैताग जातो हे खरे, पण तो हातात घेऊन निघाले तर तो मुठीत उतरतो आणि मूठ पिळली जाते. घरून भांडून निघालेल्या माणसाला प्रत्येक ट्रक आपला साहेब वाटतो आणि त्याला मागे टाकल्याशिवाय चैन पडत नाही. अशा वेळी किल्ली काढून घेण्याचा अधिकार घरातल्या बाईचा असावा, असा ठराव या मंडळाने करावा. दोन गाड्या असतील तर हळू चालवणारी पुढे असावी, म्हणजे मागचा आपोआप बेताने येतो. मुले बरोबर असतील तर तासाभराने थांबावे.

शेवटी एक जुनी आठवण करून देते. जो रविवार आपण घाटात किंवा गादीवर घालवतो, तो आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. १८९० साली मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या काळी बाईने चार माणसांत बोलणे कठीण होते, त्या काळी दोघीजणी आपल्या सुट्टीसाठी दहा हजारांपुढे बोलल्या. आज आपला रविवार कोणी मालक उघडपणे घेत नाही, तो खिशातल्या फोनमधून थेंबथेंब गळतो. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन बाजूला ठेवण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे २०१८ साली सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होवो. तोवर घराचा कायदा आपल्या हातात आहे. जेवणाच्या ताटाशी फोन नाही, रविवारी दुपारपर्यंत ऑफिस नाही, हे नियम घरात करायला लोकसभेची परवानगी लागत नाही. पण नियम सर्वांना सारखा हवा. मुलाच्या फोनवर बंदी आणि आपल्या मालिकांना मोकळीक, असे चालणार नाही.

मंडळाने येत्या वर्षात एक काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. शिवणवर्ग आपण चालवतो, तसा दुचाकीचा वर्ग चालवावा. ज्यांना येते त्यांनी शिकवावे, जिला परवाना नाही तिला तो काढायला मदत करावी. साठीच्या बाईलाही संकोच वाटू देऊ नये. पुढच्या वर्धापनदिनाला आपल्यापैकी दहाजणी जरी मागच्या आसनावरून पुढच्या आसनावर आल्या, तरी आजचे भाषण सार्थकी लागले असे मी समजेन.