तापलेले इंजिन आणि ड्रायव्हरचा दोष



काशीदला पर्यटक आणणारी एक जुनी जीप चढावर उकळून बंद पडली. "ड्रायव्हरने गाडी ताणली," म्हणून मालकाने पगार कापला. तक्रार माझ्याकडे आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंजिन मला मिस्त्र्यांनीच शिकविले. मी म्हटले, आधी इंजिनाची साक्ष घेऊ.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. रुडॉल्फ डिझेल यांना या तत्त्वाचे पेटंट १८९३ साली मिळाले. तेव्हा दाब गळाला की जोर गेलाच.

सकाळी इंजिन थंड असताना मिस्त्रीने रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू केली. पाण्यात एकसारखे बुडबुडे! गेज लावला, तो शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब उतरलेला. म्हणजे त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळलेले. पण ते जळले का? खाऱ्या हवेने रेडिएटरची जाळी खाल्ली होती. ती बदला, असे ड्रायव्हरने दोनदा सांगितले होते.

काटा लाल खुणेवर गेल्यावरही त्याने थोडी गाडी हाकली, ही त्याची चूक मी तेथेच कबूल केली. पगार परत मिळाला.

गरम रेडिएटरचे झाकण घाईने उघडू नये. दोषही घाईने ठरवू नये.