परमुलखातील अंधशाळा आणि नवे शिक्षक

महाराष्ट्रातील अंधशिक्षणाची मुहूर्तमेढ परमुलखातून आलेल्या एका शिक्षिकेने रोवली. १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला आली, त्यांत काही दृष्टिहीन होती. त्यांच्यासाठी अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये शाळा काढली. त्याआधी देशात अशी सुरुवात झाली होती, ती अ‍ॅनी शार्प यांची, अमृतसरला, १८८७ मध्ये. मिलार्ड यांची शाळा आज दादरची श्रीमती कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते आणि तिथे मुली शिकतात. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच शाळेत शिकल्या. पुढे त्या भारतीय प्रशासन सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या.

सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष-बेदाण्याच्या कवठे महांकाळ तालुक्याशेजारी, मिरजेत, याच काळात डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले. १८९४ मध्ये सुरू झालेल्या या मिशन दवाखान्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरदूरच्या गावांतून माणसे येत. वानलेस यांनी स्थानिक तरुणांना वैद्यकीचे शिक्षणही दिले, आणि त्यांच्या कामातला हा भाग शस्त्रक्रियांइतकाच मोलाचा मानायला हवा. बाहेरून आलेला माणूस केव्हातरी परततो. त्याने शिकवलेली माणसे मागे राहिली तरच काम चालू राहते. दादर आणि मिरज या दोन्ही ठिकाणी काम टिकले, कारण ते करणारे वर्षानुवर्षे तिथे राहिले आणि त्या मातीतल्या माणसांच्या हाती ते सोपवत गेले.

शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेले तरुण आता उलट दिशेने, इथून परदेशी अंधशाळांत स्वयंसेवक म्हणून जाऊ शकतात. पण साध्या बी.एड.ची पदवी म्हणजे विशेष शिक्षकाची पात्रता नव्हे. भारतात त्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणून छात्राध्यापकाने अशा शाळेत साहाय्यक म्हणूनच जावे, तिथल्या कायम शिक्षकाच्या हाताखाली राहावे, आणि निदान एक सत्र पूर्ण करावे. आठवडाभर येऊन गाणी शिकवून जाणाऱ्या पाहुण्यांचा मुलांना लळा लागतो आणि लगेच तुटतो. मुलांचे त्यात नुकसानच होते.

जाण्याआधी शिकण्याची पहिली गोष्ट ब्रेल. सहा टिंबांच्या घरात ६३ आकार बसतात. पाटी आणि टोच्याने लिहिताना कागद मागून टोचला जातो, त्यामुळे लेखन उजवीकडून डावीकडे, उलट्या आकारांत होते. कागद पालटला की वाचन डावीकडून उजवीकडे. डोळस शिक्षकाला ही दुहेरी सवय लागायला बराच सराव लागतो. भारतीय भाषांसाठी पूर्वी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरल्यावर एका ध्वनीला सर्व भाषांत साधारण एकच आकार मिळाला. ‘कवठे’ हा शब्द तिच्यात चार घरांत येतो: क, व, ठ आणि मागून एकाराची मात्रा. त्यातल्या ‘ठ’चा आकार इंग्रजी ब्रेलमध्ये डब्ल्यू होतो. जोडाक्षरात हलन्ताचे टिंब व्यंजनाच्या आधी येते, आणि छापील देवनागरीची सवय असलेला शिक्षक इथे हमखास अडखळतो.

या दृष्टीने मराठी छात्राध्यापकाला सर्वांत जवळचा परदेश नेपाळ. लिपी देवनागरी, ब्रेल भारती पद्धतीचे, आणि भारतीय नागरिकाला पारपत्राची गरज नाही. कीर्तिपूरच्या लॅबोरेटरी स्कूलमध्ये १९६४ मध्ये अंध मुलांना डोळस मुलांबरोबर शिकवण्याची सुरुवात झाली. नेपाळीत ‘ळ’ नाही, शब्द निराळे आहेत, आणि मूल स्वप्न नेपाळीतच पाहते. तेव्हा भाषा शिकण्यातून सुटका नाही. दूरच्या इंग्रजी देशात इमारती आणि यंत्रे अधिक चांगली मिळतील, पण अक्षर ओळखीचे असलेल्या ठिकाणी नवशिका शिक्षक पहिल्याच महिन्यात उपयोगी पडू शकतो.

वर्गातले वळण बदलावे लागते. ‘इकडे बघा’, ‘हे असे’ हे शब्द तिथे निरुपयोगी. वस्तू कोणत्या हाताला, किती अंतरावर, हे सांगावे लागते. मुलाचा हात धरून वस्तूवर दाबणे चुकीचे. शिक्षकाने आपला हात पुढे करावा, मुलाने त्यावर हात ठेवून स्वतः शोधावे. गणितासाठी टेलर फ्रेम आणि अबॅकस, चालण्यासाठी पांढरी काठी, संगणकासाठी एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक (स्क्रीन रीडर). तो ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनीच घडवला. उपकरणांपेक्षा हाताशी असलेल्या वस्तू अनेकदा जास्त शिकवतात. द्राक्ष आणि बेदाणा एकामागून एक चाचपून पाहिले की बाष्पीभवनाचा धडा बोटांना कळतो, आणि तो पाठ घ्यायला कवठे महांकाळच्या माणसाइतका लायक दुसरा कोण असेल! बेदाणा शेडमधला वास, जाळीवर पसरलेल्या घडांचा स्पर्श, वाळत गेल्यावर घटणारे वजन, हे सारे त्याने लहानपणापासून अनुभवलेले असते.

मुलांची छायाचित्रे पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय काढू नयेत. आपण तयार केलेली स्पर्शचित्रे व नोंदी शाळेतच ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या शिक्षकाला पुन्हा आरंभ करावा लागत नाही.

परदेशातून परतल्यावरचे काम आपल्या तालुक्यातच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या कोणत्याही वर्गात दृष्टिहीन मूल येऊ शकते. त्या वर्गशिक्षकाला ब्रेल येत नसेल, तर शेजारच्या शाळेतला ब्रेल जाणणारा शिक्षक त्याच्यासाठी पहिला आधार ठरतो. परीक्षेला लेखनिक मिळवणे, पुस्तके वेळेवर ब्रेलमध्ये येतील हे पाहणे, आणि २००८ पासून निघणाऱ्या ‘स्पर्शज्ञान’ या मराठी ब्रेल पाक्षिकाचा अंक शाळेच्या पत्त्यावर मागवणे, एवढी कामे हा परतलेला शिक्षक पहिल्याच वर्षी हाती घेऊ शकतो.