त्रिंकोमालीहून परतल्यावर



२४ मार्च १९९० या दिवशी श्रीलंकेच्या त्रिंकोमाली बंदरातून भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी निघाली आणि जुलै १९८७मध्ये सुरू झालेली मोहीम संपली. बत्तीस महिने! स्वतंत्र भारताच्या सैन्यानं परमुलखात इतका लांबलेला लढा तोवर कधी दिला नव्हता. आपले अकराशेहून अधिक जवान आणि अधिकारी तिथं कामी आले. जखमी झाले ते त्याहून कितीतरी अधिक. परतलेलं सैन्य मद्रासला उतरलं, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तामीळ बांधवांवर गोळ्या झाडून आलेल्यांचं स्वागत कसं करायचं, अशी त्यांची भूमिका होती. दिल्लीत सत्ताबदल झाला होता. सैन्य धाडणारे आता विरोधी बाकांवर होते आणि परत बोलावणाऱ्यांना हा विषय एकदाचा मिटायला हवा होता.

माझं मत आधीच सांगतो. सैन्य परत आणण्याचा निर्णय बरोबर होता. तो आणखी आधी व्हायला हवा होता. मला बोलायचं आहे ते परतताना आपण तिथं कोणाला सोडून आलो आणि घरी आल्यावर कशाकडे पाठ फिरवली, याविषयी.

आपण गेलो होतो शांतता राखायला. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. उत्तर आणि पूर्व भागांना प्रांतिक सत्ता मिळायची, तामीळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि भारतीय सैन्यानं त्यावर देखरेख करायची. लिट्टे या ज्या तामीळ बंडखोर संघटनेकडून शस्त्रं घ्यायची होती, तिची या करारावर सहीच नव्हती. दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्यानं वार केला. दक्षिणेतला राग असा लगेचच दिसला. उत्तरेत, जाफन्यात, मात्र लोक आपल्या जवानांच्या गळ्यात हार घालत होते.

दोन-अडीच महिन्यांत सगळं पालटलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाफन्याजवळच्या पलालीच्या तळावर कैदेत असलेल्या लिट्टेच्या माणसांनी सायनाइड खाल्लं, त्यांतले बारा मेले आणि करार मोडीत निघाला. ११ ऑक्टोबरच्या रात्री लिट्टेच्या नेत्यांना पकडण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले. लिट्टेला बेत आधीच कळलेला होता. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तेराव्या बटालियनचे तीस जवान तिथं अडकले. त्यांतले एकोणतीस मारले गेले, एक जण कैद झाला. त्यानंतर जाफना शहर घ्यायला पंधरवड्याहून अधिक काळ लागला. धड नकाशे नाहीत, स्थानिक भाषा येत नाही, रस्त्यात सुरुंग पेरलेले, आणि समोरून येणारा लुंगीतला मुलगा शेतकरी आहे की बंडखोर हे ओळखायला काही मार्ग नाही. हे सैन्य युद्धासाठी नव्हे, देखरेखीसाठी गेलं होतं.

२५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यांनी हल्लेखोरांनाच मागून वेढा घातला. हातघाईच्या झटापटीत एकानं त्यांच्या छातीत गोळी झाडली, तेव्हा त्याचीच बंदूक हिसकावून त्यांनी त्याला ठार केलं आणि प्राण जाईपर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. संपूर्ण श्रीलंका मोहिमेतलं ते एकमेव. परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा. मुंबईत किती जणांना हे ठाऊक आहे? मला मनापासून वाटतं की ते प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असावं.

आणि त्याच दमात दुसरी गोष्टही सांगायला हवी. २१ ऑक्टोबर १९८७. दिवाळीचा दिवस. जाफना रुग्णालयात भारतीय सैनिक शिरले. डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि रुग्ण असे साठ-सत्तर लोक तिथं मेले. रुग्णालयातून आमच्यावर गोळीबार होत होता आणि चकमकीत माणसं सापडली, असं आपल्या बाजूनं सांगितलं गेलं. वाचलेल्यांची साक्ष वेगळी आहे. त्या रुग्णालयातले कर्मचारी आजही त्या तारखेला आपल्या सहकाऱ्यांच्या तसबिरींना हार घालतात. परमेश्वरन यांच्या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. म्हणूनच त्या वॉर्डांत काय झालं, हे झाकून ठेवावं असं मला वाटत नाही. शूर सैन्याला सत्याचं भय नसतं. ते झाकतात राज्यकर्ते.

हे सत्य लिहून ठेवणारी एक बाई जाफन्यातच होती. डॉ. राजनी तिराणगम, जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विभागप्रमुख. सहकारी प्राध्यापकांसोबत त्यांनी भारतीय सैन्याचे अत्याचार नोंदवले आणि लिट्टेचेही. दोन्ही बंदुकांच्या मध्ये उभं राहून, गावोगाव बायकांकडून हकिकती ऐकून. २१ सप्टेंबर १९८९ रोजी विद्यापीठातून सायकलीनं घरी जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी लिट्टेचे होते, असं बहुतेकांचं मत आहे. वय पस्तीस. आपल्याबद्दल इतकं कठोर लिहिणाऱ्या या बाईंचं ऋण आपण मानायला हवं. आपल्या मोहिमेची एक खरी नोंद तिथल्याच एका शिक्षिकेनं जीव देऊन ठेवली.

आता माघारीकडे येतो. १ जून १९८९ रोजी नवे अध्यक्ष रणसिंगे प्रेमदास यांनी भारतीय सैन्यानं दोन महिन्यांत निघून जावं अशी जाहीर मागणी केली. त्यांच्यासमोर दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेचं उग्र बंड होतं आणि त्या बंडाला भारतीय सैन्याच्या असण्याचंच मोठं खाद्य मिळत होतं. बंदुका आणि पैसा देऊन प्रेमदास सरकारनं लिट्टेलाच बळ दिलं, हेही पुढे उघड झालं. म्हणजे ज्या देशाच्या एकतेसाठी आपले जवान मरत होते, त्याच देशाचं सरकार त्यांना मारणाऱ्यांना शस्त्रं पुरवत होतं. अशा ठिकाणी एक दिवसही थांबण्यात अर्थ उरला नव्हता.

पण तोवर आपण तिथं एक सरकार उभं केलं होतं. नोव्हेंबर १९८८मध्ये उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली, लिट्टेनं तिच्यावर बहिष्कार घातला आणि ईपीआरएलएफ या भारताच्या बाजूच्या संघटनेचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. आपलं सैन्य जाणार हे दिसू लागताच या सरकारच्या रक्षणासाठी घाईघाईनं 'तामीळ राष्ट्रीय सेना' उभारली गेली. शस्त्रं आपली, शिकवणारे आपले. आणि त्या सेनेत भरायला पोरं पकडून आणली गेली. शाळेच्या वाटेवरून, बसमधून, घरातून. अनेकांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं. आपले जवान एकेक जिल्हा सोडत मागे येत गेले तशी लिट्टे पुढे सरकत गेली, आणि ही अर्धशिकली पोरं तिच्या तोंडी गेली. काही शरण आली, काही पळाली, शेकडो मारली गेली. मुख्यमंत्री आणि त्यांचं कुटुंब भारतात सुखरूप आलं. त्या पोरांसाठी विमान आलं नाही.

या मोहिमेतली मला सर्वांत जाचणारी गोष्ट ही आहे. रणांगणावरचं अपयश समजू शकतं. चुकीच्या माहितीवर, चुकीच्या हुकमावर सैन्य अडकतं. पण आपण निघणार हे ठरलेलं असताना दुसऱ्यांच्या मुलांच्या हाती बंदुका देऊन त्यांना मागे ठेवणं, याला समर्थन नाही. १९७५मध्ये सायगावमध्ये आणि २०२१मध्ये काबूलमध्ये अमेरिकेनं आपल्या बाजूच्या माणसांना टाकून दिलं, म्हणून आपण हळहळलो, लेख लिहिले. पूर्व श्रीलंकेतल्या बट्टिकळोआ आणि अंपाराईच्या त्या मुलांबद्दल आपल्याकडे कोण बोललं?

पुढचं तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे. जून १९९०मध्ये लिट्टेनं पूर्वेत शरण आलेल्या शेकडो पोलिसांना मारलं आणि युद्ध पुन्हा पेटलं. त्याच महिन्यात ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ यांना थेट मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह ठार केलं. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. १ मे १९९३ रोजी प्रेमदासही लिट्टेच्याच आत्मघाती हल्ल्यात गेले. युद्ध संपलं ते मे २००९मध्ये, हजारो सामान्य तामिळांचा बळी घेऊन. १९८७च्या करारातून आलेली प्रांतिक सत्तेची घटनादुरुस्ती आजही श्रीलंकेच्या राज्यघटनेत आहे, पण तिच्यातले जमीन आणि पोलिसांचे अधिकार प्रांतांना कधी नीट मिळालेले नाहीत.

आणि समुद्र ओलांडून तामिळनाडूत आलेले निर्वासित? त्यांतले हजारो आजही छावण्यांत राहतात. तिथं जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुलं झाली. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात त्यांना स्थान मिळालं नाही. तीन पिढ्या भारतात काढूनही नागरिकत्व नसावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आपल्या मृत जवानांचं स्मारक कोलंबोजवळ श्री जयवर्धनपुर कोट्टे इथं आहे. २०१५मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं ते २०१९मध्ये. म्हणजे ज्या देशानं आपल्याला निघून जायला सांगितलं, त्याच्या भूमीवर या नावांना दिल्लीच्या आधी जागा मिळाली. मधल्या वर्षांत या मोहिमेतले निवृत्त सैनिक स्वतःच एकत्र जमून आपल्या सोबत्यांना मानवंदना देत राहिले. हरलेली किंवा नकोशी लढाई लढणारा जवान कमी शूर नसतो. कुठे जायचं, हे त्यानं ठरवलेलं नसतं.

म्हणून सरकारला माझं सांगणं आहे की या मोहिमेचे कागद खुले करा. सैन्य कोणी, कोणत्या माहितीवर पाठवलं, रुग्णालयात काय घडलं, ती पोरं कोणाच्या हुकमावरून पकडली गेली, हे सगळं लोकांसमोर येऊ द्या. आणि तुम्हा श्रोत्यांना एक विनंती आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, विदर्भ, कुठेही असा, तुमच्या गावात शांतिसेनेत जाऊन आलेलं कोणी असेल तर त्यांच्याकडे जाऊन बसा. ते सांगतील ते लिहून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रित करा, अभिमानाचं आणि सलणारं दोन्ही. तेव्हा पंचविशीत असलेले ते जवान आता साठी ओलांडून गेले आहेत.