जागच्या जागीं सायकल



सायकलीचा आणि माझा संबंध पन्नास वर्षांचा आहे. परभणीहून पिंगळीच्या शाळेस मी कित्येक वर्षें सायकलीवरूनच जात असें. त्यामुळें गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं रक्तांतील साखर वाढल्याचें सांगून व्यायामाची आज्ञा केली, आणि सूनबाईनें शहरांतील एका व्यायामशाळेच्या सायकल-वर्गाला मला सोबत नेण्याचें ठरविलें, तेव्हां मी मनांतल्या मनांत हसलों. बंद खोलींत, पंख्याखालीं, जागच्या जागीं उभ्या असलेल्या सायकलीवर बसावयाचें. त्यांत शिकण्यासारखें तें काय?

हा भ्रम पहिल्या पांच मिनिटांतच फिटला. रस्त्यावरची सायकल आपण दामटतों आणि मग पाय स्थिर ठेवून तिला आपोआप धांवूं देतों. ही तिच्या मागील चाकांतील फ्रीव्हीलची कृपा. वर्गांतील बहुतेक सायकलींना ती सोय नसते. त्यांच्या पुढील बाजूस एक जड चाक असतें, पुष्कळदां १५ ते २० किलो वजनाचें, आणि पायडलें त्याला थेट जोडलेलीं. चाक फिरतें तोंवर पायडलेंही फिरणारच. मीं वेगांत असतां संवयीनें पाय थांबविले. पायडलानें माझा गुडघा असा वर फेकला कीं मी पडतां पडतां वांचलों. "गुरुजी, पाय थांबवूं नका, आधीं वेग कमी करा !" म्हणून शिकविणारा मुलगा ओरडला. सायकलीच्या मधोमध एक गोल खुंटी असते, जिला ते लोक नॉब म्हणतात. ती फिरविली कीं भार कमीजास्त होतो व खालीं दाबली कीं चाक थांबतें. ही गोष्ट आधीं विचारून घ्यावी असें मला वाटलेंच नव्हतें. उलट सूनबाईला सायकल मुळींच येत नव्हती. तोल सांभाळावयाचा नसल्यामुळें ती माझ्या आधीं शिकली !

दुसरा घोटाळा बैठकीचा. पाय जमिनीला टेकतील इतकी बैठक खालीं ठेवण्याची आपली रीत आहे. रस्त्यांत म्हशी आडव्या येतात तेव्हां ती शहाणपणाचीही ठरते. परंतु जी सायकल हलतच नाहीं तिच्यावरून पाय टेकावयाचे कशाला ? बैठक खालीं असली कीं गुडघे सारखे दुमडलेले राहून दुखूं लागतात, आणि मग लोक म्हणतात, हा व्यायामच गुडघ्यांना वाईट. सायकलीशेजारीं उभें राहून बैठक कमरेच्या हाडाच्या उंचीला आणावी; वर बसल्यावर पायडल अगदीं खालीं असतां गुडघा किंचित वांकलेला असावा. पहिल्या दोनतीन खेपांना बसण्याची जागा दुखते. माझीही दुखली.

घामाविषयीं काय सांगावें ! एका सद्गृहस्थांनीं वर्गाच्या आधीं व नंतर वजन करून एक किलो उतरल्याचा आनंद मला सांगितला. तें पाणी होतें. घरीं तांब्याभर ताक पितांच तें परत आलें असेल.

परंतु ज्यासाठीं मी आज बोलावयास बसलों तो भ्रम निराळाच आहे: वर्ग म्हटला कीं सर्वांबरोबर चाललेंच पाहिजे. दिवे मंद, गाणें मोठें, शिकविणारा म्हणतो "भार वाढवा", शेजारचा तरुण उभा राहून पायडल मारतो. नवख्यालाही वाटतें, आपण उठलें पाहिजे. हा प्रकार थट्टेचा नाहीं. अतिश्रमानें स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊं शकते. असें क्वचितच घडतें. पण अशा वर्गानंतर जडलेल्या ह्या विकाराचीं उदाहरणें 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्यें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलीं आहेत. एकदोन दिवसांत मांड्या सुजून ताठरल्या, दुखणें असह्य झालें, लघवी काळ्या चहासारखी होऊं लागली, तर तेल चोळीत न बसतां तडक रुग्णालय गांठावें.

ही रीत काढणारा जॉनी गोल्डबर्ग हा दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेला सायकलपटू. १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत त्यानें ती सुरू केली. शर्यतवाल्यानें काढली म्हणून ती शर्यतच, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु येथें कोणाचीच सायकल कोणाच्या पुढें जात नाहीं. चौथीच्या वर्गाला गणित घातलें कीं पुढच्या बांकावरचीं मुलें पाटी पालथी घालून बसत. मागचीं घाईनें त्यांचें उत्तर उतरवीत, आणि नेमकीं तींच चुकत. येथें मागच्या बांकावर मी आहें, आणि खुंटी माझ्या हातीं आहे. शेजार्‍याशीं दोन वाक्यें बोलतां येतील एवढाच भार मी ठेवतों. अजिबात भार न ठेवणें हेंही बरें नव्हे. पाय चाकामागें फरफटतात आणि अंग बैठकीवर उसळतें. छातीचें वा रक्तदाबाचें दुखणें असलेल्यांनीं आधीं आपल्या डॉक्टरांना विचारावें.

बैठकीच्या दांड्यावर आंकडे कोरलेले असतात. माझा आंकडा सात. सूनबाईनें तो मला माझ्या हिशेबाच्या वहींत लिहून ठेवावयास लावला आहे. कारण मागील आठवड्यांत मी विसरून चारवर बसलों, आणि दोन दिवस गुडघा धरून जिना चढलों.